पी चार्टवर दहातले चार पॉइंट लिमिटच्या बाहेर, चार्ट चुकलाय की प्रोसेस?

क्यूसी_टेबल

नमस्कार सगळ्यांना. मी प्लास्टिक मोल्डिंगमध्ये क्वालिटीला आहे, आमच्याकडे एकाच साच्यावर झाकणं निघतात, दिवसाला साधारण १२ हजार पीस, आणि ते सगळेच्या सगळे नजरेने तपासले जातात, सॅम्पलिंग नाही. आतापर्यंत आम्ही फक्त रोजचं रिजेक्शन टक्क्यात लिहायचो आणि आकडा वर गेला की मीटिंगमध्ये कारण द्यायचं, खाली आला की कोणी विचारायचं नाही. मला हे पटत नव्हतं म्हणून मी पी चार्ट, म्हणजे खराब पीसच्या प्रमाणाचा कंट्रोल चार्ट, काढायला घेतला. त्यात सरासरीच्या वर आणि खाली लिमिट असतात, आकडा त्यांच्या बाहेर गेला तर तो नुसता योगायोग नाही असं धरायचं.

गेल्या दहा दिवसांचं रिजेक्शन टक्क्यात असं आहे: १.९, २.४, १.५, २.२, २.८, १.७, २.१, १.४, २.६, १.८. सरासरी २.०४. फॉर्म्युला टाकला तर लिमिट येतात खालची १.६५ आणि वरची २.४३. म्हणजे १.५, २.८, १.४ आणि २.६ हे चारही बाहेर. दहातले चार! मी तीन वेळा हिशोब तपासला, बरोबर आहे. आता साहेबांचं म्हणणं, चार्ट काही कामाचा नाही, सरळ २ टक्क्यांचं टार्गेट आहे तीच वरची लिमिट म्हणून लाल रेषेने काढ आणि त्याच्या वर गेलं की कारण दे. मला वाटतं हे चुकीचं आहे पण नेमकं का चुकीचं आहे ते मला त्यांच्यासमोर सांगता येत नाहीये. आणि माझा चार्ट खरंच चुकलाय का हेही कळत नाहीये. कोणी सांगेल का?

लाईन_थ्री

आमच्याकडे एनपी चार्ट वापरतात, टक्के काढायचे नाहीत, सरळ खराब पीसची संख्या टाकायची, ऑपरेटरला पण पटकन कळतं. तो करून बघा. नाहीतर रोजच्या ऐवजी आठवड्याचं एकत्र करा, चढउतार कमी दिसेल.

सिग्मा_तीन

लाईन_थ्री, एनपीने इथे काही बदलणार नाही हो, एनपी आणि पी हे एकाच गणिताचे दोन चेहरे आहेत, एनपी तेव्हाच चालतो जेव्हा रोजची संख्या सारखी असते आणि मग तो पी सारखंच चित्र दाखवतो, फक्त टक्क्याच्या जागी नग. जे पॉइंट पी वर बाहेर तेच एनपी वर बाहेर. आणि आठवड्याचं एकत्र केलं तर उलट होईल, एन, म्हणजे तपासलेल्या पीसची संख्या, ७२ हजार झाला की लिमिट आणखी आवळतात, १.८८ ते २.२० एवढीच पट्टी उरते.

ताई, तुमचा हिशोब बरोबर आहे. अडचण दुसरीकडे आहे. पी चार्टची लिमिट कुठून येते ते बघा: सरासरी पी, म्हणजे खराब पीसचं प्रमाण, घ्यायचा, त्याला १ वजा पी ने गुणायचं, एन ने भागायचं, वर्गमूळ काढायचं आणि त्याची तिप्पट सरासरीच्या वर आणि खाली. यात रोजच्या आकड्यांमध्ये खरोखर किती चढउतार होतोय हे कुठेच मोजलेलं नाही! फॉर्म्युला असं धरून चालतो की प्रत्येक पीस खराब निघायची शक्यता तेवढीच आहे, आज काय आणि उद्या काय, आणि एक पीस खराब निघाला म्हणून पुढचा खराब निघण्याचा त्याच्याशी संबंध नाही. हे खरं असेल तर १२ हजारांच्या ढिगात टक्केवारी जेमतेम ०.४ इकडेतिकडे हलली पाहिजे. खऱ्या कारखान्यात मटेरियलचा लॉट बदलतो, साचा तापतो, माणूस बदलतो, शक्यता रोज थोडी हलतेच. एन लहान असेल तर हे हलणं योगायोगाच्या चढउतारात लपून जातं, एन मोठा झाला की उघडं पडतं. याला ओव्हरडिस्पर्शन म्हणतात.

यावर तोडगा म्हणून २००२ मध्ये लेनी यांनी सुधारलेला पी चार्ट मांडला, पी प्राइम म्हणतात त्याला, मिनिटॅब या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो. त्यात एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत आकडा किती उडी मारतो ते मोजून लिमिट त्या प्रमाणात रुंद करतात. तुमचा एन रोज सारखाच असल्यामुळे सरळ इंडिव्हिज्युअल चार्ट काढला तरी तेच उत्तर येईल. लागोपाठच्या दिवसांतले फरक घ्या: ०.५, ०.९, ०.७, ०.६, १.१, ०.४, ०.७, १.२, ०.८. सरासरी ०.७७. त्याला या चार्टच्या ठरलेल्या २.६६ ने गुणा, २.०४ येतं, योगायोगाने तुमच्या सरासरीएवढंच, ते सरासरीत मिळवा आणि सरासरीतून वजा करा. म्हणजे वरची लिमिट ४.०८ आणि खालची शून्य. सगळे पॉइंट आत. साध्या पी चार्टच्या लिमिटपेक्षा पाचपट रुंद झाल्या बघा.

जुना_इन्स्पेक्टर

सिग्मा_तीन यांचं गणित चोख आहे पण मी ताईंना हात जोडून सांगतो, तिथे थांबू नका आणि आज तर तो लेनी चार्ट लावूच नका. मी २६ वर्षं इन्स्पेक्शनला काढली आहेत, ही चूक मी स्वतः होताना बघितली आहे. चार्ट ओरडत होता, कोणीतरी लिमिट रुंद केल्या, चार्ट गप्प झाला, सगळे खूश, आणि तीन महिन्यांनी ग्राहकाकडून माल परत आला. चार्ट ओरडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय, आधी ते ऐका, मग त्याचा आवाज कमी करा.

हे लक्षात घ्या की जेव्हा योगायोगापेक्षा पाचपट जास्त चढउतार आहे तेव्हा तो हवेतून आलेला नाही, कशामुळे तरी आलाय. काही वेळा ते कारण आपल्या हातातलं नसतं, उदाहरणार्थ मटेरियलच्या लॉटमधला नैसर्गिक फरक, तेव्हा लेनी चार्ट योग्यच आहे. पण काही वेळा कारण समोर टेबलावर बसलेलं असतं. तुमचे आकडे मी वहीत मांडून बघितले. १.९ मग २.४, १.५ मग २.२, २.८ मग १.७ मग २.१, १.४ मग २.६ मग १.८. हे वर खाली वर खाली चाललंय. मला हे एक प्रोसेस वाटत नाही, दोन प्रोसेस एकाच चार्टवर टाकल्यासारख्या वाटतात. माझी चूकही असेल, दहाच पॉइंट आहेत. पण विचारतो: दिवसाआड काय बदलतं तुमच्याकडे? ऑपरेटर, शिफ्ट, मटेरियलची गोणी, रीग्राइंड (दळून परत वापरलेलं प्लास्टिक) किती टक्के टाकता, तपासायला कोण बसतं?

आणि अजून एक, एका झाकणावर फ्लॅश (कडेला निघालेलं जादा प्लास्टिक) पण आहे आणि काळा डाग पण आहे तर तुम्ही ते एक मोजता की दोन? पी चार्टला खराब पीस मोजायचे, दोष नाही. एका पीसवर पाच दोष असले तरी तो खराब पीस एकच. दोष मोजायचे असतील तर सी किंवा यू चार्ट, त्याचं गणित वेगळं.

मोल्डशॉप

साहेबांना काय सांगायचं त्याबद्दल. टार्गेट ही आपली इच्छा आहे, लिमिट ही प्रोसेसची कुवत आहे. तुमची प्रोसेस सरासरी २.०४ देतेय आणि तुम्ही २ वर लाल रेषा मारली तर जवळपास निम्मे दिवस रेषेच्या वर जाणार, तुमच्याच आकड्यांत दहापैकी पाच दिवस २ च्या वर आहेत. म्हणजे महिन्यात निम्मे दिवस खोटी कारणं लिहायची. "ऑपरेटरला समज दिली", "मशीनची सेटिंग तपासली", असले कागद मी फाइलभर बघितलेत. त्याहून वाईट म्हणजे कारण द्यायचं म्हणून कोणीतरी सेटिंग हलवतं. चांगल्या चाललेल्या मशीनचं होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर प्लास्टिकवर धरून ठेवलेला दाब) हलवायचं, दुसऱ्या दिवशी तापमान हलवायचं, असं केलं की चढउतार कमी होत नाही, वाढतो.

खरं तर हा चार्ट जन्माला आला तोच या प्रश्नासाठी. शूहार्ट वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या इन्स्पेक्शन खात्यात होते आणि १६ मे १९२४ ला त्यांनी वरिष्ठांना एक छोटं टिपण दिलं, त्यात जगातला पहिला कंट्रोल चार्ट होता, आणि तो खराब मालाच्या प्रमाणाचाच होता. म्हणणं एवढंच की टक्केवारीत दिसणारा फरक कधी मनावर घ्यायचा आणि कधी नाही. तुमच्या साहेबांच्या मीटिंगमध्ये रोज हाच प्रश्न आहे.

शिफ्ट_सी

याच धाग्यात माझा विचारतो, वेगळा धागा काढत नाही. माझं उलट आहे. मी दर तासाला ५० पीस उचलतो, सरासरी रिजेक्शन ४ टक्के, चार महिने झाले एकही पॉइंट बाहेर गेला नाही. सगळे खूश आहेत पण मला शंका येतेय कारण मधे एक आठवडा माल नक्की खराब होता, पॅकिंगवाल्यांनी ओरड केली होती, चार्टवर काहीच दिसलं नाही.

सिग्मा_तीन

शंका बरोबर आहे तुमची. ५० पीस आणि ४ टक्के, वरची लिमिट १२.३ टक्के येते, म्हणजे ५० मध्ये ७ खराब निघाले तरच पॉइंट बाहेर. आता समजा रिजेक्शन दुप्पट झालं, ८ टक्के. तर ५० मध्ये सरासरी ४ निघणार. ७ किंवा जास्त निघायची शक्यता फक्त १० टक्के. म्हणजे माल दुप्पट खराब झाल्यावर चार्ट बोलायला सरासरी दहा सॅम्पल जाणार, तुमच्या हिशोबाने दहा तास, आणि नशीब वाईट असेल तर अजून जास्त. २०० पीस घेतले तर लिमिट ८.१६ वर येते आणि एका सॅम्पलमध्ये पकडायची शक्यता ४० टक्क्यांच्या वर जाते.

खालच्या लिमिटचंही तसंच, तुमची आत्ता शून्यच असणार. ४ टक्क्यांना खालची लिमिट शून्याच्या वर यायला सॅम्पल २१६ पेक्षा मोठा लागतो. ती नसेल तर सुधारणा झाली तरी बाहेरचा पॉइंट ते सांगू शकत नाही. पीस वाढवता येत नसतील तर निदान रनचा नियम लावा, लागोपाठ ८ पॉइंट सरासरीच्या एकाच बाजूला आले तर थांबून बघायचं. तुमचा तो खराब आठवडा बहुतेक तिथे सापडेल, जुन्या शीट काढून बघा.

शिफ्ट_सी

बघितलं. त्या आठवड्यात लागोपाठ १३ पॉइंट सरासरीच्या वर आहेत. तेरा! कोणीच बघत नव्हतं, सगळे फक्त लाल रेषेकडे बघत होते, मी सुद्धा. धन्यवाद, उद्यापासून नियम लावतो आणि २०० पीसचं बोलतो सुपरवायझरशी.

क्यूसी_टेबल

सगळ्यांचे खूप आभार, चार दिवस उत्तर दिलं नाही कारण जुना_इन्स्पेक्टर यांनी विचारलेलं शोधत होते. आधी दोष आणि खराब पीसचं: हो, आमच्या शीटवर दोषांचे रकाने आहेत आणि त्यांची बेरीज करून रिजेक्शन लिहितात, पण मी लाल पेटीतले पीस मोजून बघितले, एका दिवसात दोन दोष असलेले फार कमी, सातआठ. त्याने आकडा फारसा हलत नाही. तरी आता वेगळा रकाना केलाय, खराब पीस किती, तो फक्त मोजून भरायचा.

आता मुख्य. मटेरियलचा लॉट दहाही दिवस एकच होता. ऑपरेटर तेच. रीग्राइंड तेवढंच. बदलत होती ती तपासणीच्या टेबलावरची माणसं. आमच्याकडे दोघीजणी आहेत, बहुतेक दिवसाआड बसतात, सुट्टी आली की क्रम बदलतो. मी हजेरी काढली आणि आकड्यांसमोर नावं लिहिली. एकीचे दिवस: १.९, १.५, १.७, १.४, १.८. दुसरीचे: २.४, २.२, २.८, २.१, २.६. मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसले होते. एकही आकडा इकडचा तिकडे नाही.

मग जुना_इन्स्पेक्टर यांना दोन प्रोसेस वाटल्या होत्या म्हणून दोन वेगळे चार्ट काढले. पहिलीची सरासरी १.६६, लिमिट १.३१ ते २.०१, पाचही पॉइंट आत. दुसरीची २.४२, लिमिट २.०० ते २.८४, पाचही आत. साधा पी चार्ट, लेनी नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी १०० झाकणं घेतली, चांगली खराब मिसळून, आतल्या बाजूला मार्करने नंबर टाकले आणि दोघींना वेगवेगळी तपासायला दिली, संध्याकाळी परत तीच. पहिलीने १४ काढली, परत दिल्यावर १३. दुसरीने दोन्ही वेळा २३. पहिलीने काढलेले सगळे दुसरीच्या २३ मध्ये होते. दुसरीने जास्तीचे काढलेले जे ९ होते त्यातल्या ८ वर सिंक मार्क, म्हणजे बारीक खळगा, झाकणाच्या वरच्या बाजूला, आतल्या रिबच्या (आधाराच्या पट्टीच्या) बरोबर वर. मी शेजारी बसून बघितलं. दुसरी झाकण उचलून ट्यूबलाइटच्या दिशेने तिरकं धरते, मग तिथे सावलीसारखा खळगा दिसतो. पहिली खालून लाइट असलेल्या काचेवर ठेवून सरळ वरून बघते, तसं बघितलं तर काळा डाग आणि शॉर्ट मोल्डिंग (अर्धवट भरलेलं झाकण) लगेच दिसतं पण खळगा दिसतच नाही, मी स्वतः बघितलं, मलाही दिसला नाही. दोघींपैकी कोणी कामात कमी नाही. कसं धरून बघायचं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आम्हीच नाही सांगितलं.

आणि एक गोष्ट जी मला लागली. पाचव्या दिवशी २.८ आलं तेव्हा मीटिंगमध्ये ओरडा झाला आणि मोल्डिंगवाल्यांनी होल्डिंग प्रेशर वाढवलं. सहाव्या दिवशी १.७. सगळे म्हणाले बघा उतरलं. त्या दिवशी टेबलावर माणूस बदललं होतं.

जुना_इन्स्पेक्टर

ताई, शाब्बास. हे काम फार कमी लोक करतात, लोक फॉर्म्युला बदलतात, शेजारी जाऊन बसत नाहीत.

सिग्मा_तीन यांचा रुंद चार्ट लावला असता तर सगळे दहा पॉइंट आत होते आणि हे कधीच बाहेर आलं नसतं, कारण माणूस दिवसाआड बदलत होतं आणि लागोपाठच्या दिवसांतला फरक म्हणजे नेमका दोघींच्या बघण्यातलाच फरक होता, तोच मोजून लिमिट बनली असती.

सिग्मा_तीन

मान्य आहे, पूर्ण मान्य. मी तोडगा आधी दिला आणि कारण विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही. एक सावधगिरी फक्त, पाच पाच पॉइंटच्या लिमिट या कच्च्या आहेत, चित्र स्पष्ट आहे म्हणून विश्वास ठेवू पण त्या लिमिट पुढे वापरू नका. नवीन पद्धत ठरली की निदान २० ते २५ दिवसांचा डेटा घ्या, मग लिमिट काढा आणि तिथे गोठवा, दर आठवड्याला नव्याने काढत बसू नका नाहीतर प्रोसेस हळूहळू घसरली तर लिमिटही तिच्याबरोबर घसरते.

क्यूसी_टेबल

हो, तेच ठरवलंय. लिमिट सॅम्पल बनवतोय, सहा झाकणं, तीन जेमतेम पास आणि तीन जेमतेम रिजेक्ट, ग्राहकाकडून सह्या करून घेणार आणि टेबलावर ठेवणार. ट्यूबलाइटचा कोन ठरवला, झाकण तिरकं धरूनच बघायचं, दोघींनी.

पण एक अडचण आहे आणि ती तुम्हाला विचारते. दोघी तिरकं धरून बघायला लागल्या की रिजेक्शन २.४ च्या आसपास जाणार. साहेबांचं टार्गेट २. ते म्हणतील चार्ट काढायला घेतला आणि रिजेक्शन वाढलं.

मोल्डशॉप

रिजेक्शन वाढलेलं नाही, पहिल्या टेबलावरून जे निसटत होतं ते आता लाल पेटीत पडतंय. साहेबांना ती ८ झाकणं हातात द्या, ट्यूबलाइटखाली तिरकी धरायला सांगा आणि विचारा की पाच दिवस १२ हजारांतून अशी किती ग्राहकाकडे गेली असतील. १.६६ आणि २.४२ मधला फरक ०.७६, रोजची नव्वदेक झाकणं झाली. आकड्यापेक्षा झाकण हातात दिलेलं बरं, मी अनुभवाने सांगतो.

आणि चार्टवर ज्या दिवसापासून नवीन पद्धत सुरू त्या दिवशी उभी रेषा मारा, डावीकडचे आकडे आणि उजवीकडचे आकडे एकत्र करायचे नाहीत. सिंक मार्कचा वेगळा छोटा पी चार्ट ठेवा. रिबच्या वरच खळगा पडतोय म्हणजे तिथे जाडी जास्त आहे, प्लास्टिक थंड होताना तिथेच आत ओढलं जातं, हा आता मोल्डिंगवाल्यांचा खरा विषय आहे, होल्डिंग प्रेशर, होल्डिंगचा वेळ, कूलिंग, आणि हे सगळं एकेक करून हलवायचं, चार्ट समोर ठेवून.

जुना_इन्स्पेक्टर

त्याच्या आधी एक काम. पाचव्या दिवशी वाढवलेलं होल्डिंग प्रेशर अजून तसंच आहे का? असेल तर जुन्या सेटिंगला आणा आणि मगच २५ दिवस मोजायला सुरुवात करा, नाहीतर तुमची नवीन लिमिट एका गैरसमजावर उभी राहील.

क्यूसी_टेबल

तसंच होतं. आज दुपारी मोल्डिंगच्या सुपरवायझरसोबत उभं राहून खाली आणलं, चार्टवर तारीख आणि वेळ लिहिली. उद्या पहिला पॉइंट.